ओढ्याकडची पट्टी

कापणीच्या अठराव्या दिवशी, ऊन पाठीला चटके द्यायला लागलं तेव्हा, धाकटीनं विळा खाली ठेवला आणि कापलेल्या पेंढ्यांवर आडवी झाली.

शेजारच्या ओळीत तिची थोरली जाऊ कापत होती. डाव्या हातात मूठभर गवत, उजव्या हाताचा एक ओढ, मूठ मागं टाकायची, पाऊल पुढं. मान न वळवताच ती म्हणाली, "ऊठ गं. मुकादम बघतोय."

"ताई, डोकं फुटतंय."

"ऊन लागलं असेल. पाणी पी."

धाकटी उठली नाही. थोरलीनं मागं येऊन तिच्या गळ्याला हात लावला आणि झटकन काढून घेतला. एवढं अंग तापलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. डोळे तर रक्त उतरल्यासारखे लाल.

मुकादम येऊन उभा राहिला. त्याच्या हातात वेताची काठी असायची. ती पेंढ्या मोजायला होती, पण आणखी कशाला आहे हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं, अशा बेतानं तो ती धरायचा.

"काय, गप्पा रंगल्यात?"

"ताप आहे हिला."

"ताप सगळ्यांनाच आहे. मलाही आहे, तुमच्यापायी." टोळीतली दोघं-तिघं हसली. त्यानं काठीचं टोक पेंढीला लावलं. "हिला पेंढ्यांवरून तरी उठव. घामानं गवत ओलं होतंय."

थोरलीनं जावेला काखेत हात घालून उठवलं आणि झोपडीकडं नेलं.

झोपडी म्हणजे कुरणाच्या कडेला चार बांबूंवर टाकलेले पत्रे. पावसाळा सरला की दोन महिने सतरा माणसांची टोळी तिथंच राहायची. गवत पिवळं पडायच्या आत कापायचं, बांधायचं, गोठ्यांना पोचवायचं. त्या सतरांत या घरातली पाच होती. म्हातारी सासू चूल सांभाळायची. तिचा थोरला मुलगा मुकादमाचा ट्रॅक्टर चालवायचा, धाकटा भारे बांधून चढवायचा आणि दोघी सुना कापायच्या. कुरण मालकाचं, पण मालक कधी दिसायचा नाही. दिसायचा तो मुकादम.

दुसऱ्या दिवशी थोरली जावेला घेऊन दवाखान्यात गेली. एरवी तासाभराची वाट, तिला दोन तास लागले. धाकटी दर शंभर पावलांवर बसायची.

डॉक्टरनं खुर्चीतूनच विचारलं, "कधीपासून ताप?"

"काल पडली. पण तीन दिवस अंगावर काढला असेल. ही सांगत नाही."

"खोकला? जुलाब?"

"नाही. डोकं दुखतं म्हणते. उजेड सोसवत नाही."

तेवढ्यात त्याचं लिहून झालं होतं. ना कपाळाला हात, ना छातीला नळी. कंपाउंडरनं गोळ्यांची पुडी हातावर ठेवली. "पाणी उकळून प्यायचं. स्वच्छता ठेवायची. तुम्हा लोकांना सांगून उपयोग नसतो, पण सांगतोय."

थोरलीला उत्तर सुचलं होतं. पण धाकटी बाकावरून घसरायला लागली म्हणून ती तशीच निघाली.

गोळी दिली की घाम सुटायचा आणि दोन तास ताप उतरायचा, मग पुन्हा तसाच. तीन दिवस हेच चाललं. धाकटीचा नवरा दुपारी भारे टाकून यायचा, बायकोच्या पायाशी बसायचा आणि परत जायचा. चौथ्या दिवशी धाकटी बडबडायला लागली. कुणीतरी आपल्या कपाळावर विळ्यांची पोती ठेवली आहेत, असं तिचं म्हणणं होतं.

तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवताना थोरलीला उंदीरवाली आठवली.

कापणी सुरू झाली त्या आठवड्यातच ती आली होती. तिशीची बाई, पाठीवर पिशवी, जीपमध्ये पत्र्याचे तीस-चाळीस पिंजरे. कुरणाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं, झुडपांची एक लांब पट्टी होती. तिथं गवत छातीएवढं वाढायचं आणि बिळंही फार होती. तिथं ती पिंजरे लावायची आणि सकाळी उंदीर गोळा करायची. ती मोठ्या शहरातली डॉक्टर होती, संशोधन करायची. पण उंदीर पकडायला पगार मिळतो हे ऐकून टोळी दिवसभर हसली आणि तिचं नाव उंदीरवाली पडलं. तिला ते कळलं, तेव्हा तीही हसली.

थोरली त्याच बाजूला कापत होती म्हणून पिंजरे उचलायला हात द्यायची. एकदा तिनं विचारलं, "बाई, तुमच्या पँटचे पाय मोज्यांत का कोंबलेत?"

"किडे वर चढू नयेत म्हणून."

"आणि आमच्या पायांना मोजेच नाहीत, मग?"

उंदीरवालीनं तिच्या पायांकडं बघितलं. "तेच तर बघायला आलेय," ती म्हणाली.

मग तिनं पिशवीतून काळ्या रंगाच्या चार ताटल्या काढल्या आणि झुडपाच्या बुडाशी गवतात उपड्या ठेवल्या. थोड्या वेळानं एक ताटली थोरलीपुढं धरली. काळ्यावर लाल ठिपके होते, टाचणीच्या टोकाहूनही बारीक. ते चालत होते. हे किडे उंदरांच्या अंगावर पोसतात, ती म्हणाली. त्यातले काही एका तापाचे जंतू बाळगून असतात. किडा चावलेला कळत नाही, दहा-बारा दिवसांनी ताप येतो आणि डॉक्टर साधा ताप समजतात. चावल्या जागी कधी कधी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. तिनं खपलीचा फोटो छापलेलं एक कार्ड थोरलीला दिलं. मागं फोन नंबर होता.

तिसऱ्या दिवशी मुकादमाला कळलं की ही सरकारी शेतकी खात्याची बाई नाही, रोग शोधणारी आहे. तो काठी घेऊन पट्टीत उतरला. "गोठेवाल्यांच्या कानावर गेलं तर या गवताला कोण हात लावेल? उचला तुमचे उंदीर." त्यानं एक पिंजरा लाथेनं उडवला. उंदीरवालीनं वाद घातला, परवानगीचा कागद दाखवला. पण कागदावर मालकाची सही नव्हती. जीप निघून गेली आणि त्याच दुपारी मुकादमानं सगळी टोळी पट्टीत घातली. गवत तिथलंच सगळ्यात दाट होतं.

थोरलीनं बोटांवर दिवस मोजले. मग बिछान्याखालून ते कार्ड काढलं आणि सासूला म्हणाली, "आई, तुम्ही दारात बसा. कुणाला आत येऊ देऊ नका."

म्हातारी दारात बसली.

"कपडे काढ," थोरली म्हणाली.

धाकटीनं डोळे उघडले. "काय मेलं हे, ताई..."

"बघायचंय मला. लाजायला ताकद उरलीय का तुझ्यात?"

तिनं आधी कानांमागं बघितलं, मग केसांत, काखांत, छातीखाली. घामानं चिकटलेलं कापड सोडवताना धाकटी तोंड फिरवून रडत होती, आवाज न करता. परकराची नाडी सैल केली तेव्हा डाव्या कमरेवर ती दिसली. करंगळीच्या नखाएवढी काळी खपली, भोवती लाल कडं. कुणीतरी तिथं विडी विझवावी तशी. थोरलीनं कार्ड शेजारी धरलं. फरक नव्हता.

"हे कधीचं?"

"नाडी घासली असेल. दुखत नाही म्हणून बोलले नाही." थोडं थांबून धाकटी म्हणाली, "बोलले असते तरी दाखवणार कुणाला?"

म्हातारी कधी आत आली ते कळलंच नाही. ती वाकून खपलीकडं बघत होती.

"यांच्या काखेत होतं असं."

"कुणाच्या?"

"तुमच्या सासऱ्यांच्या. कापणीच चालू होती. मी वर राख लावली. अकराव्या दिवशी गेले." म्हातारी खाली बसली. "तेव्हाचा मुकादम म्हणाला, दारूनं गेला. मग सगळेच म्हणाले. मीसुद्धा म्हणाले. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा घोट घेणारा माणूस... आठ वर्षं मी त्याला चारचौघांत दारुडा म्हणत आलेय."

थोरलीनं जावेचे कपडे सारखे केले आणि ती बाहेर पडली.

नवरा ट्रॅक्टरशी होता. ट्रॉली रिकामी होती, दुपारनंतर भरायची होती.

"धाकटीला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

"मुकादमाला विचारतो."

"विचाराल, तो नाही म्हणेल, मग तुम्ही मला येऊन सांगाल. तेवढ्यात आपण अर्ध्या वाटेत असू."

"अगं, ही गाडी माझी आहे का?"

"नाही. भावजय आहे तुमची."

त्यानं चाकाकडं बघितलं, मग आभाळाकडं, मग बायकोकडं. पंधरा वर्षं तो त्या सीटवर बसत होता. टोळीत उंचावर बसणारा तो एकटाच होता आणि त्याला ते आवडायचं. त्यानं इंजिन चालू केलं. धाकट्यानं बायकोला उचलून ट्रॉलीत गोधडीवर ठेवलं आणि स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मुकादम ओरडत मागं आला तोवर ट्रॅक्टर फाट्याला लागला होता. "त्याला सांगा, बायकोनं पळवला," थोरली नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. तो हसला नाही, पण त्यानं वेग वाढवला.

दवाखान्यात तोच डॉक्टर, तीच खुर्ची. थोरलीनं कार्ड त्याच्या वहीवर ठेवलं. "साहेब, हिच्या कमरेवर हे आहे."

"कुणी शिकवलं हे तुला?"

"कुणीही शिकवलं असू द्या. तुम्ही बघा."

"बाई, मी रोज पन्नास ताप बघतो."

"बघता कुठं? विचारता. मागल्या वेळी तुम्ही हिला हातसुद्धा लावला नाही."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कंपाउंडर पुढं आला, "ए, आवाज खाली," म्हणाला. थोरली जागची हलली नाही. तिच्या हातांना अजून गवताचा हिरवा डाग होता आणि बोटांवर विळ्याचे जुने व्रण. ते हात तिनं टेबलावर ठेवले. "तुम्ही बघेपर्यंत मी इथंच उभी आहे. मागच्यांना वेळ होईल. तो तुमच्यामुळं होईल."

डॉक्टर उठला. पडद्यामागं जाऊन त्यानं धाकटीची कमर बघितली आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा चेहरा वेगळा होता. "तपासणीचं किट आमच्याकडं नाही," तो म्हणाला.

थोरलीनं नवऱ्याच्या फोनवरून कार्डावरचा नंबर लावला आणि फोन डॉक्टरच्या हातात दिला. तो सुरुवातीला ताठ बोलत होता, मग "हो", मग "हो, मॅडम", मग नुसतं ऐकत होता. फोन परत देऊन त्यानं स्वतःच कपाट उघडलं. औषध तिथंच होतं, पहिल्याच फळीवर.

पण धाकटीचा श्वास आता वर लागत होता. अँब्युलन्स बोलावून तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. उंदीरवाली तिथं आधीच पोचली होती. तिनं रक्त घेतलं, तपासणी केली. तोच ताप होता. छातीत उतरला होता. "इतकं वाढलेलं असलं की एका औषधावर भागत नाही. दोन औषधं एकदम, सलाइनमधून. अलीकडंच मोठ्या अभ्यासात हे कळलंय, नाहीतर आम्हीही एकावरच थांबलो असतो," ती म्हणाली. नाकावर नळी लावलेल्या धाकटीकडं बघत थोरलीनं विचारलं, "वाचेल?"

"दोन दिवस आधी आली असती तर मी लगेच हो म्हणाले असते."

"आम्ही चार दिवस आधी आलो होतो," थोरली म्हणाली.

चार दिवसांनी धाकटीनं डोळे उघडून पाणी मागितलं. तिच्या नवऱ्याला तिच्यापाशी ठेवून थोरली आणि तिचा नवरा कुरणावर परतले.

सकाळी मुकादम पोत्यातून विळे वाटत होता. विळे त्याचे, वाटणार तो. थोरलीसमोरून तो तसाच पुढं गेला.

"माझा विळा?"

"जिला ट्रॅक्टर पळवता येतो, तिला विळा कशाला?"

दवाखान्यापाशी सोडलेला ट्रॅक्टर मुकादमानं परत आणला होता आणि त्याच्या सीटवर मुकादमाचा भाचा बसला होता. थोरलीचा नवरा मातीत उभा राहून त्याच्याकडं बघत होता, हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखा.

"आज ओढ्याकडची उरलेली पट्टी," मुकादमानं सांगितलं.

"तिथं नको," थोरली म्हणाली. "सगळ्यांना सांगते, तिथं जाऊ नका. आणखी दोघं झोपडीत पडलीत. त्यांच्या अंगावर काळी खपली कुणी बघितलीय का?"

"ही आता डॉक्टरीण झाली," मुकादम टोळीला म्हणाला. "अरे, गुरं खातात ते गवत. गुरांतलं एक तरी मेलं का?"

टोळी चालू लागली. खाली माना घालून, पण चालू लागली. काम सोडून जाणार कुठं? थोरलीनं एक क्षण पाहिलं आणि ती झोपडीत शिरली. चुलीशेजारी तवा उभा करून ठेवला होता. तिनं तो उचलला, आतली बाजू पदरानं घासून पुसली.

"तवा कुठं नेतेस?" सासूनं विचारलं.

"पट्टीत."

"थांब, मीपण येते."

दोघी पट्टीत उतरल्या. टोळीनं ओळ धरली होती. थोरलीनं ओळीच्या तोंडाशी, गवताच्या बुडाशी तवा उपडा टेकवला आणि शेजारी उकिडवी बसली. बायका मान वळवून बघायला लागल्या.

"काय भाजतेस?" मुकादमानं लांबून विचारलं. सगळे हसले. ज्यांच्यासाठी ती बसली होती, तेही हसले.

तिनं तवा उलटला. काही नव्हतं. काळा स्वच्छ तवा. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुन्हा हसू आलं, या वेळी मोठं. उंदीरवाली कुठं ठेवायची? उन्हात नाही, झुडपाच्या सावलीत, बिळाच्या तोंडापाशी. तिनं तवा सरकवला, ओल्या सावलीत दाबून ठेवला आणि थांबली. तिचा नवरा येऊन तिच्यामागं उभा राहिला. त्याच्या सावलीनं तिच्या पाठीला थोडा गारवा मिळाला.

या खेपेला तिनं तवा उचलला तेव्हा पहिल्यांदा सासूच म्हणाली, "अगं बाई."

चिमूटभर तिखट सांडावं तसे लाल कण पसरले होते. आणि ते सरकत होते, कडेकडून मधे, मधून कडेला. थोरली ओळीच्या पहिल्या बाईजवळ गेली आणि तवा तिच्यापुढं धरला. मग दुसरीजवळ. तिसरीनं विळा टाकून परकर झटकायला सुरुवात केली. ओळ मोडली. सगळे भोवती गोळा झाले.

"हेच चावलं धाकटीला. यातल्या प्रत्येकात रोग असतोच असं नाही," थोरली म्हणाली. "बाईंनी सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतेय. काहींतच असतो. पण कोणत्यात, ते बघून कळत नाही."

"बघा!" मुकादम पुढं घुसला. "तीच म्हणतेय, सगळ्यांत नसतो. मग उगाच घाबरवतेस कशाला माणसांना?"

थोरलीनं तवा त्याच्यापुढं धरला. "मग ठेवा हात."

"काय?"

"हात ठेवा यावर. जरा वेळ. घाबरायचं काही नाही ना?"

मुकादमानं टोळीकडं बघितलं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला कामं आहेत. असले खेळ..."

"तुमचा हात नको आणि आमचं अंग चालतं?"

तो एक पाऊल मागं सरला. तेव्हा म्हातारीनं बोट दाखवलं, त्याच्या पायांकडं. एरवी चपला घालणारा मुकादम आज बुटांत होता आणि त्याच्या पँटचे पाय नीट घडी घालून मोज्यांत खोचलेले होते.

"हे कधीपासून, मुकादम?" म्हातारीनं विचारलं.

कुणीच हसलं नाही. ओळीतला सगळ्यात जुना कापणारा, जो उभ्या जन्मात मुकादमाला उलटून बोलला नव्हता, त्यानं विळा खाली टाकला. मग बाकीच्यांनी टाकले.

टोळी वर येऊन रस्त्याच्या दगडांवर बसली. गवतावर कुणी बसलं नाही. मुकादमानं शिव्या दिल्या, मग समजूत काढली, मग दुसरी टोळी आणतो म्हणून ट्रॅक्टरवर बसून गेला आणि एकटाच परत आला. गोठ्यांचा टेम्पो येऊन रिकामा गेला. ऊन कडक होतं, वरच्या अंगाचं गवत डोळ्यांदेखत पिवळं पडत होतं आणि ते बघून कापणाऱ्यांचाच जीव जास्त खालीवर होत होता. बायकांनी दगडांवर बसूनच एकमेकींची अंगं बघितली, आडोशाला दोन चादरी धरून. झोपडीत पडलेल्या दोघांपैकी एकाच्या मांडीत खपली सापडली. थोरलीचा नवरा त्याला खांद्यावर हात टाकून दवाखान्यात घेऊन गेला. या वेळी डॉक्टर आपणहून उठला म्हणे.

तिसऱ्या दिवशी मालक स्वतः आला. तो गाडीतून उतरलाच नाही, काच खाली केली. थोरली काचेजवळ गेली.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"पट्टी कापायची नाही. उंदीर पकडणाऱ्या बाईंना तिथं येऊ द्यायचं, कागदावर सही करून. सूर्य मावळायच्या आत काम बंद, अंघोळीला टाकीचं पाणी आणि कपडे बदलायला आडोसा. ताप आला तर ट्रॅक्टर आधी दवाखान्यात जाईल, मग गोठ्यावर."

"आणि?"

"माझ्या नवऱ्याचं काम."

मालकानं पिवळ्या गवताकडं बघितलं. "नवऱ्याचं सोडून बाकी सगळं," तो म्हणाला. मुकादमाला काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटावं म्हणून तेवढं त्यानं ठेवून घेतलं असावं. थोरलीनं मागं वळून नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली, होकाराची.

दुसऱ्या दिवशी तो विळा घेऊन तिच्या शेजारच्या ओळीत उभा राहिला. पंधरा वर्षांत त्यानं विळा धरला नव्हता. बायका चार हात पुढं गेल्या की तो तिथंच, पाठ धरून उभा. "दादा, गिअर टाका!" कुणीतरी ओरडलं आणि तोही हसला. हाताला फोड आले, ते त्यानं दोन दिवस लपवले. संध्याकाळी उजेड असतानाच पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, अंग धुऊन एकमेकांच्या पाठी बघायचे. सुरुवातीला लाज होती, मग थट्टा, मग ती सवय झाली. उंदीरवाली आठवड्यातून दोनदा यायची. तिच्या पिंजऱ्यांना आता टोळीतलंच कुणीतरी दाणे लावून ठेवायचं.

एकोणीस दिवसांनी धाकटी परत आली. ती निम्मी झाली होती, केस विरळ झाले होते आणि डाव्या कानानं तिला काहीच ऐकू येत नव्हतं. तापानं गेलंय, डॉक्टर म्हणाले होते, कदाचित परत येईल, कदाचित नाही. उभं राहून कापण्याची ताकद नव्हती, म्हणून ती ओळीमागं एका दगडावर बसून पेंढ्यांचे बंध वळायची. गवताची एक लड पायाच्या अंगठ्यात, दोन हातांत पीळ.

तिसऱ्या दिवशी मुकादम तिच्याजवळ, डाव्या अंगाला येऊन उकिडवा बसला. ओळ दहा पावलं पुढं होती. त्याच्या हातात एक कागद होता. गोठेवाल्यांनी त्याला कुरणातल्या तापाबद्दल विचारायला सुरुवात केली होती. इकडंतिकडं बघून तो खालच्या आवाजात बोलू लागला. इथं नुसता अंगठा लाव. लिहिलंय एवढंच, की ताप तू इथं यायच्या आधी, दुसरीकडून घेऊन आलीस. कुणाला सांगायची गरज नाही. उद्यापासून तुझा दीर परत ट्रॅक्टरवर.

धाकटी बंध वळत राहिली.

त्याला वाटलं, ती विचार करतेय. तो आणखी जवळ सरकला आणि तेच पुन्हा बोलला, आणखी हळू.

धाकटीनं तेव्हा कुठं मान वळवली. तो शेजारी बसलाय हे तिला सावलीवरून कळलं असावं. तिनं त्याच्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, त्याच्या अंगठ्याजवळच्या शाईच्या डबीकडं बघितलं.

"काही म्हणालात?"

"हळू," मुकादम म्हणाला.

"या कानानं ऐकू येत नाही मला." लग्न होऊन आल्यापासून ओळीच्या पलीकडं कधी पोचला नसेल, एवढा मोठा आवाज तिनं काढला. "मोठ्यानं बोला, मुकादम!"

पुढच्या ओळीतले विळे थांबले. थोरली वळली, तिचा नवरा वळला, मग एकेक करत सगळी टोळी वळून उभी राहिली, हातांत अर्धवट कापलेल्या मुठी.

"बोला ना," धाकटी म्हणाली. "सगळ्यांनाच ऐकू येऊ दे."

मुकादमानं कागदाची घडी घातली. उठताना त्याला गुडघ्यावर हात टेकावा लागला. धाकटी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, तो बोलेल म्हणून, आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिनं नजर हलवली नाही.